पेशी मूळची कुठली?

मानेत गाठ आली म्हणून तपासायला गेलेल्या माणसाच्या हाती काही दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट पडतो. त्यात खालच्या बाजूला एक छोटा तक्ता असतो. ‘एई१/एई३ : पॉझिटिव्ह. सीके ५/६ : पॉझिटिव्ह. सीके ७ : निगेटिव्ह. सीके २० : निगेटिव्ह.’ नातेवाइकांची नजर वरच्या निदानाच्या ओळीवर खिळलेली असते, त्यामुळे तक्त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण ती निदानाची ओळ बऱ्याचदा याच तक्त्याच्या भरवशावर लिहिलेली असते. सीके म्हणजे सायटोकेराटिन, पेशीच्या आतलं केराटिन. लसिकाग्रंथीतल्या पांढऱ्या पेशी हे प्रथिन बनवत नाहीत. ग्रंथीत केराटिन भरलेल्या पेशींचे पुंजके दिसले, तर त्या पेशी दुसरीकडून आल्या आहेत हे उघड होतं. त्यांच्यात कोणकोणती केराटिनं आहेत, हे पाहून त्या कुठून आल्या असतील याचा माग काढता येतो.

गाठ मानेत असली तरी पेशी जिभेची असू शकते. प्रयोगशाळेतल्या पेशींच्या बाटलीवर ‘तोंडाचा कर्करोग’ असं लिहिलेलं असलं तरी आतली पेशी भलत्याच अवयवाची असू शकते. पेशी कुठे सापडली किंवा तिला काय नाव दिलंय यापेक्षा ती काय बनवते, हा पुरावा जास्त भक्कम असतो. हे ज्ञान दवाखान्यात आलं ते प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींच्या अभ्यासातून. ती वाट समजून घेण्यासारखी आहे, कारण तोंडाच्या कर्करोगाचं एवढं ओझं वाहणाऱ्या आपल्या समाजाचा तिच्याशी थेट संबंध येतो.

जोडीने राहणारी प्रथिनं

शरीराचं बाहेरचं आवरण आणि आतली सगळी अस्तरं ज्या पेशींची बनलेली असतात, त्यांना शाळेच्या पुस्तकात अभिस्तर ऊती म्हटलेलं असतं. तोंड, अन्ननलिका, आतडं, श्वासनलिका, दुधाच्या ग्रंथी, सगळीकडे हेच अस्तर असतं. या पेशींची ठळक खूण म्हणजे केराटिन. केस, नखं आणि लोकर यांतलं केराटिन सर्वांना माहीत असतं. लीड्सच्या विल्यम अ‍ॅस्टबरींनी १९३०च्या दशकात लोकरीच्या धाग्यांवर क्ष-किरण सोडले आणि ताणलेल्या व सैल धाग्यांची चित्रं वेगवेगळी येतात हे दाखवलं. प्रथिनांच्या रचनेच्या अभ्यासातलं ते आरंभीचं मोठं काम. पण केराटिन केसा-नखांपुरतं नाही. गालाच्या आतल्या ओल्या, मऊ अस्तरातल्या प्रत्येक जिवंत पेशीतही त्याचं जाळं असतं.

या जाळ्याचा एकेक तंतू साधारण दहा नॅनोमीटर जाडीचा असतो. तो कधीही एकाच प्रकारच्या केराटिनचा बनत नाही. एक आम्लधर्मी आणि एक अल्कधर्मी असे दोन रेणू काथ्याच्या दोन पदरी दोरीसारखे एकमेकांभोवती वळतात, आणि अशा जोड्या एकत्र येऊन तंतू तयार होतो. जोडीदार मिळाला नाही तर एकटं केराटिन पेशीत टिकत नाही, ते मोडून टाकलं जातं. माणसात केराटिनची ५४ जनुकं आहेत. २८ आम्लधर्मी गटाची आणि २६ अल्कधर्मी गटाची. एक गट सतराव्या गुणसूत्रावर, दुसरा बाराव्यावर. अठरा क्रमांकाचं केराटिन आम्लधर्मी असूनही त्याचं जनुक मात्र बाराव्यावर, अल्कधर्मी गटाच्या शेजारी आहे.

जोड्या ठरलेल्या असतात आणि त्यांच्या जागाही ठरलेल्या असतात. त्वचेच्या आणि तोंडाच्या अस्तराच्या तळाच्या थरात ५ आणि १४ ही जोडी. त्वचेत त्याच पेशी वर सरकल्या की १ आणि १०. गालाच्या आतल्या अस्तरात वरच्या थरांत ४ आणि १३. डोळ्याच्या पारपटलात ३ आणि १२. यकृत, आतडं अशा एकपदरी अस्तरांत ८ आणि १८. जखम भरून येताना त्वचेच्या पेशी ६, १६ आणि १७ बनवू लागतात. म्हणजे कुठल्याही अस्तरातल्या पेशीची केराटिनं नीट वाचता आली, तर ती कोणत्या घराण्यातली आहे आणि सध्या कोणत्या अवस्थेत आहे, या दोन्ही गोष्टी कळतात.

१९७५

हे वाचन शक्य करणाऱ्या तीन गोष्टी योगायोगाने एकाच वर्षी हाती आल्या. १९७५ साली पॅट्रिक ओफॅरेल यांनी प्रथिनांना आधी विद्युतभारानुसार आणि मग वजनानुसार, अशा दोन दिशांनी जेलवर पसरवण्याची रीत मांडली. जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी एकाच खुणेला चिकटणाऱ्या शुद्ध अँटीबॉडी अमर्याद प्रमाणात बनवण्याची युक्ती शोधली. आणि अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी प्लेटमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवून दाखवल्या.

तोपर्यंत त्वचेच्या पेशी प्लेटमध्ये धड वाढत नसत. नमुन्यात संयोजी ऊतीतले फायब्रोब्लास्ट सोबत येत आणि ते भराभर वाढून सगळी जागा व्यापून टाकत. राइनवाल्ड आणि ग्रीन उंदरातल्या एका विशिष्ट गाठीच्या पेशींवर काम करत असताना त्यांना असं दिसलं की केराटिन बनवणाऱ्या पेशींच्या वसाहती फायब्रोब्लास्टच्या सोबतीनेच चांगल्या फोफावतात. मग त्यांनी ‘३टी३’ या उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी घेतल्या, त्यांचं विभाजन थांबेल पण जीव जाणार नाही इतपत किरणोत्सर्ग दिला, आणि त्यांच्या थरावर माणसाच्या त्वचेच्या पेशी सोडल्या. एकेका पेशीपासून वसाहत उभी राहिली. तिच्या तळाला विभागणाऱ्या पेशी आणि वर चपट्या होत जाणाऱ्या पेशी, अशी त्वचेसारखीच मांडणीही दिसली.

या शोधाचं माणसाच्या जगण्यातलं मोल १९८३ साली जगाला दिसलं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले दोन छोटे भाऊ पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाजले होते. त्यांच्या अंगावरच्या उरल्यासुरल्या कातडीच्या तुकड्यातून बॉस्टनमध्ये पेशी वाढवल्या गेल्या, त्यांचे पापुद्रे तयार करून जखमांवर बसवले गेले, आणि दोघांचा जीव वाचला. प्लेटमधली पेशी खरोखर त्वचेची आहे ना, या प्रश्नाच्या उत्तरावर आता दोन मुलांचे जीव अवलंबून होते.

पांढरा साका

प्लेटमधल्या पेशींतलं केराटिन ओळखायचं म्हणजे काय करायचं? सुरुवात केराटिनच्या हट्टी स्वभावापासून होते. बहुतेक प्रथिनं मीठ आणि सौम्य डिटर्जंट घातलेल्या पाण्यात विरघळतात, पण केराटिनचे तंतू विरघळत नाहीत. या अडचणीचाच कामासाठी उपयोग करून घेतला जातो.

प्लेट पेशींनी भरली की वरचं खाद्यद्रव काढून टाकायचं आणि पेशी थंड बफरने धुवायच्या. मग ट्रायटन हे डिटर्जंट आणि भरपूर पोटॅशियम क्लोराइड असलेलं द्रावण ओतायचं. पेशींची पटलं फुटतात आणि विरघळणारं सगळं द्रावणात उतरतं. केंद्रकातला डीएनए बाहेर पडला की मिश्रण नाकातल्या शेंबडासारखं चिकट होतं, म्हणून तो तोडणारं विकर घालावं लागतं. सगळं खरवडून नळीत घ्यायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. तळाशी एक पांढरा साका उरतो. त्यात बहुतांशी केराटिनच असतं. तो घट्ट युरियात आणि गंधकाचे बंध तोडणाऱ्या मर्कॅप्टोइथेनॉलमध्येच विरघळतो. मग जेलवर चढवायचा, वीज सोडायची, आणि निळ्या रंगात बुडवायचं.

रंग धुतला गेला की जेलवर निळे पट्टे उरतात, साधारण ४० ते ७० किलोडाल्टन वजनाच्या दरम्यान. प्लेटमध्ये वाढवलेल्या त्वचेच्या पेशींत ५८ आणि ५० चे पट्टे ठळक असतात, म्हणजे केराटिन ५ आणि १४. जवळच ५६ आणि ४८ चे पट्टे, म्हणजे ६ आणि १६. केराटिन ८ चा पट्टा ५२ वर येतो आणि व्हायमेंटिन नावाचं फायब्रोब्लास्टमधलं प्रथिन ५७ च्या आसपास. इतकी गर्दी असताना नुसत्या वजनावरून बोट ठेवणं धोक्याचं असतं. म्हणून दोन दिशांचं जेल हवं. त्यात वजन सारखं असलं तरी आम्लधर्मी ठिपके एका बाजूला आणि अल्कधर्मी दुसऱ्या बाजूला जातात. त्यावर अँटीबॉडीची साक्ष घ्यायची. कोणता ठिपका कोणत्या अँटीबॉडीला धरतो, ते पाहायचं.

शेवटी पेशीच्या आत डोकवायचं. १९७८ साली टुंग-टिएन सन आणि ग्रीन यांनी केराटिनविरोधी अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडण्याची रीत वापरून प्लेटमधल्या पेशी पाहिल्या. त्वचेच्या पेशींत केंद्रकाभोवतीपासून कडेपर्यंत पसरलेलं दाट जाळं उजळलं. त्याच प्लेटमधल्या फायब्रोब्लास्ट पेशी काळ्याच राहिल्या. कोणती पेशी अस्तराची आणि कोणती नाही, हे आता नजरेने सांगता येऊ लागलं. पुढे सन यांच्याच गटाने एई१ आणि एई३ या दोन अँटीबॉडी तयार केल्या. मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या लॅबपर्यंत आजच्या रिपोर्टांत जी पहिली ओळ दिसते, ती त्यांचीच.

तपासणाऱ्याचीच कातडी

या कामातला सर्वांत मोठा शत्रू काम करणाऱ्याच्या अंगावरच असतो. आपल्या त्वचेचा वरचा मृत थर सतत झडत असतो. खोलीतल्या धुळीत, कपड्यांवर, बाटलीच्या झाकणावर केराटिन असतंच. जेल अतिसंवेदनशील रंगाने रंगवलं की जिथे काहीही चढवलेलं नाही त्या खान्यातही फिके पट्टे उमटतात. नमुना मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घातला की यादीत केराटिन हमखास हजेरी लावतं. इतर प्रथिनांवर काम करणारे ही नावं बिनदिक्कत खोडून टाकतात. केराटिनच अभ्यासणाऱ्याने काय करायचं?

इथे ठरलेल्या जागांचं ज्ञान कामी येतं. हवेतून येणारी धूळ ही त्वचेच्या अगदी वरच्या थराची असते, म्हणून तिच्यात १, २ आणि १० ही केराटिनं भरपूर असतात. ९ क्रमांकाचं केराटिन तर मुख्यतः तळहात आणि तळपाय यांच्याच त्वचेत बनतं. यकृताच्या किंवा स्तनाच्या पेशींच्या नमुन्यात ९ सापडलं, तर ते प्लेटमधून आलेलं नाही, कुणाच्या तरी हातातून आलेलं आहे असं समजावं. शिवाय काहीही न घातलेला एक नमुना मुद्दाम सोबत चालवायचा. चांगल्या प्रयोगशाळेची पारख मला अशा गोष्टींत होते. निकाल मिळाल्यावर तो आपल्याच बोटांचा तर नाही ना, हे विचारण्याची सवय तिथे असते.

नावांची यादी आणि तिच्या मर्यादा

१९८२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रातले रोलांड मोल, वेर्नर फ्रांके आणि सहकाऱ्यांनी मानवी केराटिनांची सूची प्रसिद्ध केली. त्यात १ ते १९ असे क्रमांक दिले होते. निरोगी ऊती, गाठी आणि प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशी, या तिन्ही ठिकाणचे नमुने शेजारी शेजारी मांडल्यामुळे तुलना करता आली. विसावं केराटिन १९९० साली आतड्यात ओळखलं गेलं. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत २० असतं आणि ७ नसतं, फुप्फुसाच्या ग्रंथींपासून उठणाऱ्या कर्करोगांत सहसा उलट. शरीरात कुठेतरी गाठ सापडते पण मूळ जागा सापडत नाही, अशा रुग्णासाठी हा फरक उपचाराची दिशा ठरवणारा असतो.

मात्र प्लेटमधली पेशी शरीरातल्या पेशीसारखीच वागेल, असं धरून चालत नाही. ग्रीन यांच्याकडे काम करणाऱ्या इलेन फुक्स यांनी १९७८ मध्येच दाखवलं की त्वचेत सापडणारी मोठ्या वजनाची केराटिनं प्लेटमधल्या पेशींत नसतात. १९८१ मध्ये त्याचं एक कारण कळलं. खाद्यद्रवात घातलेल्या रक्तद्रवात अ जीवनसत्त्व असतं. ते काढून टाकलं की पेशी ६७ किलोडाल्टनचं, म्हणजे वरच्या थराचं केराटिन बनवू लागल्या. ते वाढवलं की ओल्या अस्तरांत आढळणारी ५२ आणि ४० किलोडाल्टनची केराटिनं वाढली. शिवाय प्लेटमधली पेशी स्वतःला जखमेच्या कडेला असल्यासारखी समजते, म्हणून ६ आणि १६ भरपूर बनवते. त्यामुळे निकाल लिहिताना पेशी कशात आणि किती दाटीने वाढवली होती, हे लिहिणं आलंच.

याच फुक्स यांनी पुढे शिकागोत केराटिनकडून रोगाकडे जाणारी वाट उघडली. त्यांच्या गटाने उंदरांत केराटिन १४ चा बिघडलेला नमुना घातला, तेव्हा पिल्लांच्या कातडीला जरा घासलं तरी फोड येऊ लागले. हा आजार माणसांत आधीच ठाऊक होता, एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स. १९९१ साली रुग्णांच्या केराटिन १४ मध्ये १२५ व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं सापडलं. ५४ जनुकांपैकी एकातली एवढीशी चूक, आणि मूल रांगायला लागलं की गुडघ्यांवर फोड. प्लेटमधल्या निळ्या पट्ट्यांचा अभ्यास इतक्या जवळ येऊन भिडतो.

परळ आणि खारघर

तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात १९५२ मध्ये उभ्या राहिलेल्या कर्करोग संशोधन संस्थेचे ते पहिले संचालक. तीच परंपरा आज खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात चालू आहे.

तोंडाच्या कर्करोगावर प्रयोग करायला पेशी कुठल्या घ्यायच्या, हा प्रश्न वाटतो त्याहून गंभीर आहे. ‘केबी’ नावाच्या पेशी १९५०च्या दशकापासून तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून जगभर वापरल्या गेल्या. प्रत्यक्षात त्या हेला पेशी होत्या, म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींचे वंशज. हेला इतक्या जोमाने वाढतात की एखाद-दुसरी पेशी चुकून दुसऱ्या प्लेटमध्ये गेली तरी काही काळाने तिथे त्याच उरतात. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी एका विकराच्या वेगळ्या रूपावरून दाखवलं की वेगवेगळ्या नावांच्या अनेक पेशीमालिका, म्हणजे प्लेटमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवलेले पेशींचे वंश, मुळात हेलाच आहेत. तरीही पुढची कित्येक वर्षं केबी तोंडाच्या नावाने शोधनिबंधांत येत राहिल्या.

नुसती केराटिनं पाहून हा घोटाळा सुटला असता का? पूर्णपणे नाही. हेलामध्ये ८ आणि १८ ठळक असतात, पण तोंडाच्या कर्करोगातही ती उगवतात. पेशी कोणत्या माणसाची, हे डीएनएच्या ठशावरून कळतं. ती कोणत्या ऊतीची आणि आज काय करते आहे, हे केराटिन सांगतं. ओळख पटवायला दोन्ही साक्षी लागतात.

म्हणून मुंबईत जे काम झालं त्याचं मोल मला मोठं वाटतं. कर्करोग संशोधन संस्थेत इथल्याच रुग्णांच्या गाठींपासून पेशीमालिका तयार झाल्या आणि १९९० मध्ये त्यांची सविस्तर ओळख प्रसिद्ध झाली. जिभेच्या कर्करोगातून आलेली एडब्ल्यू१३५१६ ही त्यांतलीच. गालाच्या आतल्या कर्करोगात केराटिनांची घडी कशी विस्कटते, याचं वर्णन मिलिंद वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच केलं होतं. एकपदरी अस्तरांत शोभणारी ८ आणि १८ ही जोडी तोंडाच्या गाठीत का दिसते? ती केवळ बिघाडाची खूण आहे की बिघाडाला हातभार लावते? वैद्य यांच्या गटाने याचं उत्तर दोन्ही बाजूंनी शोधलं. गर्भाच्या गालाच्या अस्तरातून आलेल्या पेशींत केराटिन ८ घातलं, तेव्हा ८ आणि १८ चे तंतू तयार झाले आणि पेशींचं वागणं कर्करोगाच्या दिशेने झुकलं. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. मग एडब्ल्यू१३५१६ पेशींत उलट प्रयोग करून केराटिन ८ बंद पाडलं, तेव्हा पेशींचा आक्रमकपणा घटला. ते २०११ मध्ये. खूण म्हणून वाचलेलं प्रथिन रोगात भागीदारही असतं, हे त्यातून दिसलं. इथल्या माणसांना होणाऱ्या रोगाबद्दल, इथल्या माणसांच्याच पेशींमध्ये.

पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी मिळतात. तिथून बाटली आली की काम सुरू करण्याआधी डीएनएचा ठसा आणि केराटिनांचा नमुना तपासून नोंदवून ठेवणं, काही महिन्यांनी पुन्हा तपासणं, हे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रशिक्षणाचा भाग असायला हवं. त्यात वेळ जातो आणि पैसाही. पण चुकीच्या पेशीवर केलेली पाच वर्षांची पीएचडी त्याहून महाग पडते.

रुग्णाच्या घरच्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातली केराटिनं वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि त्याच तुकड्याचे नवे काप घेऊन नव्या अँटीबॉडीने पुन्हा तपासणी करता येते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या आणि सोबत न्या. रिपोर्ट हे एका माणसाचं वाचन असतं. ज्यावरून ते वाचन झालं तो पुरावा ब्लॉकमध्ये असतो, आणि तो पुन्हा नव्याने वाचता येतो.